अकरा मेच्या सहलीबाबत खुलासा

रविवार, ता. ११ मे. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुणे रस्त्यावरच्या धमालनगरी या थीम पार्कच्या फाटकाशी आमच्या तृप्तीला पाहायला पाच माणसे आली. त्यातल्या एकाने कोट घातला होता. सावलीतले तापमान बेचाळीस होते.

या माणसांना मी बोलावले नव्हते. हे वाक्य मी गेल्या दोन दिवसांत नऊ जणांना सांगितले. सुट्टे नाहीत म्हटल्यावर रिक्षावाला ज्या सुरात "बराबर हाय" म्हणतो, त्याच सुरात नऊही जणांनी ते ऐकून घेतले. म्हणून हा लेखी खुलासा. मी जालन्याच्या एका दैनिकात सव्वीस वर्षे उपसंपादक आहे. घडले तसे आणि घडले त्या क्रमाने लिहिण्याची सवय आहे. माझ्या विरोधात जाणारे मुद्देही गाळलेले नाहीत.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी तृप्ती घरी आली होती. ती संभाजीनगरला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. चौदा महिन्यांत तिला पाच ठिकाणची माणसे पाहून गेली होती. पाचव्या मंडळींनी पोहे संपल्यावर तिला खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितले. ती चालली. खिडकी उघडली, बाहेर पाहिले, आणि आत न वळता तिथूनच म्हणाली, "ऊन फार आहे, तुम्ही निघा आता."

त्या शनिवारी ती मला म्हणाली, "बाबा, अकरा मेला मला पंचवीस पूर्ण होतात. एक दिवस द्या मला. आपण सगळे, मोठे बाबा, मोठी आई, गजाननकाका. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, आरडाओरडा. आणि त्या दिवशी मला कोणीही पाहायला येणार नाही."

"शब्द दिला," मी म्हणालो.

"मागं दोनदा फसवलंय तुम्ही."

हा माझ्या विरोधातला पहिला मुद्दा. एकदा मी तिला वास्तुशांत म्हणून अंबडला नेले होते, आणि एकदा चष्म्याचा नंबर तपासायला. दोन्हीकडे मुलगा बसलेला होता. नंबर खरोखरच तपासला होता, एवढे माझ्या बाजूने.

"या वेळी फसवलंत तर मी भांडणार नाही," तृप्ती म्हणाली. "फक्त पुन्हा तुमचं काही खरं धरणार नाही."

तिने आवाज चढवून म्हटले असते तर मी इतका घाबरलो नसतो.

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीला दादांकडे गेलो. कल्याणदादा माझे थोरले बंधू, म्हणजे तृप्तीचे मोठे बाबा. मोसंबीची बाग आहे, आणि बागेबाहेरच्या जगाबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नाही.

"पाण्यात खेळाया साडेतीन तास जायचं?" दादा म्हणाले. "गोदावरी शहागडला हाय ना, ही इथं. तिथं कोण तिकीट मागून राह्यलंय?"

"तिथे घसरगुंडी नाही, दादा."

"पायऱ्या हायत, शेवाळ हाय. मागच्या साली मी वरून खालपर्यंत गेल्तो ना. फुकटात."

उषावहिनी चहा घेऊन आल्या. कप हातात देताना त्यांनी तो पटकन सोडला नाही. "भाऊजी, पोरगा काय करतो?"

"कोणता पोरगा?"

"ऱ्हाऊ द्या. सांगायचं नसंल तर नका सांगू. आम्ही काय परके."

"वहिनी, ही नुसती सहल आहे. मजा म्हणून."

"मजा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी दादांकडे पाहिले. दादांनी मिशी खाजवली आणि म्हणाले, "येतो आम्ही."

सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला बागेचे पाणी चालू आहे म्हणून न गेलेला हा माणूस भर मे महिन्यात घसरगुंडीला इतक्या सहज तयार होतो, याचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता. मला उलट आनंद झाला, हा माझ्या विरोधातला दुसरा मुद्दा.

आमचे शेजारी गजानन तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना व त्यांच्या पत्नी सरोजिनीताईंना मी सहलीचे सांगितले तेव्हा गजाननांनी दार आतून लावून घेतले.

"भारतराव, सहल नेमकी कशाच्या अनुषंगाने?"

"वाढदिवसाच्या."

"वाढदिवसाला लोक केक कापतात. अकरा माणसं घेऊन जिल्ह्याबाहेर जात नाहीत. हेतू काय?"

"हेतू नाही."

"हेतू नमूद नसलेली फाइल मी छत्तीस वर्षांत एकही पुढे पाठवली नाही," ते म्हणाले. तरीही यायला तयार झाले, कारण फाइल कुठे जाते हे पाहायचे होते.

पार्कच्या मदत क्रमांकावर तीन दिवसांनी एक मुलगी बोलली. दहापेक्षा जास्त माणसे असतील तर गट धरतात, आणि गटासाठी प्रत्येकाची जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट आणि फोटो लागतो. उंची आणि वजन घसरगुंडीसाठी, रक्तगट काही झालेच तर. जन्मतारखेवरून त्या दिवशीच्या वाढदिवसाला टोपी मिळते.

ही माहिती जमवणे मी समजलो होतो तितके सोपे नव्हते. वंदनाने, म्हणजे माझ्या पत्नीने, वजन सांगायला नकार दिला आणि मला हव्या त्या आकड्यावर सही करते म्हणाली. दादा काट्यावर उभे राहायला तयार होईनात. शेवटी हमरस्त्यावरच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर उभे राहिले. शहाऐंशी भरले. हमालाने सवयीने बारदान्याचे एक किलो वजा करून पंच्याऐंशी पुकारले, आणि दादांनी तोच आकडा धरून ठेवला. "तोलून झालंय. आता बदलायचं न्हाई."

हे सारे मी वहीच्या एका पानावर लिहून गजाननांना दाखवले. त्यांनी ते पान दोन बोटांनी धरले.

"हे काय? याला विहित नमुना नाही. प्रत्येकाचं स्वतंत्र पत्रक पाहिजे. उजव्या कोपऱ्यात फोटो. शिक्षण, व्यवसाय, पत्ता. आणि शेवटी 'अपेक्षा' असा रकाना ठेवा. कोणाला खिडकी पाहिजे, कोणाला तिखट चालत नाही. नंतर तक्रार नको."

मला हे पटले. नीटनेटक्या कागदापुढे माझा विरोध टिकत नाही. तृप्तीने फोनवरून तिच्या अपेक्षा सांगितल्या: "उंच घसरगुंडीला दोघांची ट्यूब असते, तर ट्यूबमध्ये बसायला न घाबरणारा सोबती द्या. पोहता येत असेल तर उत्तम. आणि वजन फार नको, दोघांचं मिळून दीडशेच्या आत लागतं." रकाना लहान होता. मी मजकूर बसवला: 'सोबती न घाबरणारा असावा. पोहता येत असल्यास प्राधान्य. वजन बेताचे.' ट्यूब आणि घसरगुंडी जागेअभावी काढावी लागली. रोजच्या कामात मी याहून मोठ्या गोष्टी काढतो.

अकरा पत्रके जुन्या जालन्यात शिवकन्याबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करायला दिली. बाईंचा हात वेगवान आहे. एप्रिल-मे त्यांचा हंगामाचा. बाहेर बाकावर माणसे रांगेने बसलेली होती, प्रत्येकाच्या हातात पाकीट आणि पाकिटात फोटो. ती माणसे कशासाठी बसली आहेत, हे मी विचारले नाही. संध्याकाळी प्रूफ घरी आले. मी लाल पेनाने तपासले. 'वडीगोद्री'ची वेलांटी, 'प्रयोगशाळा' तुटलेली, एके ठिकाणी 'रक्तगट'चा 'रक्तघट'. एकूण तीन चुका. प्रत्येक पत्रकाच्या वर मध्यभागी गणपती होता, आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी, कोपऱ्यांत कलश. ते मी पाहिले होते. शुभकार्याला गणपती असतोच म्हणून सोडून दिले. प्रत्येक पत्रकाखाली सवयीने लिहिले: 'तपासले. भारत.' आणि तारीख.

दादांचे पत्रक हातात घेऊन वंदना म्हणाली, "अहो, भाऊजींना चांगलं स्थळ येईल यावर." मी हसलो. हसण्याऐवजी सगळी पत्रके फाडायला हवी होती. सकाळी त्यांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, आणि मी ऑफिसला गेलो.

पुढच्या आठवड्यात काहीतरी शिजते आहे, हे मला जाणवू लागले. उषावहिनींनी फोन करून तृप्तीच्या जन्माची वेळ विचारली. "टोपीसाठी लागते का वेळ?" असे मी विचारले, तर म्हणाल्या, "टोपीच समजा." सरोजिनीताई वाटेत भेटल्या की माझ्याकडे पाहून मान हलवायच्या, जणू आम्हा दोघांना काहीतरी ठाऊक आहे. वंदनाने निळी पैठणी इस्त्रीला दिली. पाण्याच्या पार्कात पैठणी कशाला, म्हटले, तर म्हणाली, "तुम्ही मला तरी सांगा हो. मी काय ओरडून सांगणार आहे का?"

"सांगण्यासारखं काही नाहीच."

"वास्तुशांतीच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

अखेर मी ग्रुपवर खंडन प्रसिद्ध केले: 'अकरा मेच्या सहलीबाबत पसरत असलेल्या वृत्तात काहीही तथ्य नाही. ही केवळ सहल आहे.' दहा मिनिटांत बारा अंगठे आले आणि दोन 'अभिनंदन'. मी वहिनींना फोन केला.

"भाऊजी, तुमचाच पेपर वाचतो ना आम्ही. पुढारी म्हणतो पक्ष सोडणार न्हाई. मंग दुसऱ्या दिवशी काय आसतं?"

 अशा बातम्यांचे मथळे मीच देतो.

शुक्रवारी तृप्तीचा फोन आला. "बाबा, मोठी आई विचारत होती, केस मोकळे सोडणार का बांधणार. काही आहे का?"

"काही नाही. मी शब्द दिलाय."

 "ठीक आहे," ती म्हणाली.

अकरा तारखेला सकाळी साडेसातला क्रूझर गाडी निघाली. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडे, गजानन, सरोजिनीताई, आणि आम्ही तिघे. वहिनींच्या मांडीवर एक पिशवी होती आणि तिला त्या कोणाला हात लावू देत नव्हत्या. काय आहे विचारले तर म्हणाल्या, दशम्या. तृप्तीने पांढरा सदरा घातला होता आणि गाडीत गाणी म्हणत होती. तिला इतके मोकळे पाहून मला बरे वाटायला हवे होते. पण वहिनी मधूनमधून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या, आणि दादा दर अर्ध्या तासाने कोणाला तरी फोनवर सांगत होते, "आम्ही इथवर आलो."

"कोणाला सांगताय, दादा?"

"बागेवरच्या गड्याला."

बागेवरच्या गड्याला आपण कुठवर आलो याच्याशी काय देणेघेणे, हा प्रश्न माझ्या मनात आला. मी तो विचारला नाही. हा तिसरा मुद्दा.

फाटकावर पिशव्या तपासत होते. वहिनींच्या पिशवीतून नारळ, खण, साखरेचा पुडा आणि कुंकवाचा करंडा निघाला. पहारेकऱ्याने नारळ उचलला.

"मावशी, खाण्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत."

"नारळ काय खायला आणलाय का?"

"मग कशाला आणलाय?"

वहिनींनी पदर सावरला. आम्ही बाकीचे दहाही जण त्यांच्याकडे पाहत होतो. पहारेकरी नियमाने वागला. त्याने नारळाला बिल्ला लावून तो कपाटात ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला, "राम राम, कल्याणराव! आम्ही बी सहजच आल्तो इकडं."

पांढरे कपडे, पांढरी टोपी आणि काळा चष्मा घातलेले हे गृहस्थ म्हणजे शहागडचे तातेराव. त्यांच्यामागे दोन बायका, एक म्हातारे गृहस्थ आणि कोट घातलेला तरुण. हा तातेरावांचा भाचा सूरज. त्याचे शहागडला ठिबक सिंचनाचे दुकान आहे.

तृप्ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"बाबा?"

"मला माहीत नव्हतं."

तातेरावांनी मदत करण्याच्या भावनेने मोबाइल पुढे केला. "आसं कसं, भारतराव? कागद तर तुमचाच हाय. फार सुरेख. आम्ही अशा अपेक्षा कुठं वाचल्या न्हाई. पोरगा न घाबरणारा पाहिजे, पोहणारा पाहिजे. आमच्या घरात सगळ्यांना पटलं."

पडद्यावर गणपती होता. वेलबुट्टी, कलश, तृप्तीचा फोटो, जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट. आणि खाली लाल अक्षरांत: तपासले. भारत. तृप्तीने ते शेवटपर्यंत वाचले.

"हे अक्षर तुमचं आहे," ती म्हणाली.

"हो, पण..."

"मी धाडला कागद," दादा मध्ये पडले. "भारतला लाज वाटून राह्यली आसंल म्हणून मी धाडला. एवढं छापलं, फोटो लावला, तपासून सही केली. मंग धाडणार कोण? गणपती काय घसरगुंडीवर बसवत्यात का?"

"नमुना निर्दोष होता," गजानन म्हणाले. "वितरणात गफलत झाली."

कोणी हसले नाही. तातेरावांचा चेहरा जरा उतरला. त्यांनाही पहिल्यांदाच शंका आली असावी, की साडेतीन तास गाडी हाकून आपण कोणाच्या तरी वाढदिवसाला आलो आहोत. म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "मंग मुलगी दाखवायची न्हाई का?" आणि त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसले.

तृप्ती सरळ सूरजपुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाई. मामा म्हणाले, पंपाचं प्रदर्शन हाय."

पंपाच्या प्रदर्शनाला कोट कोणी घालत नाही, याची मी मनात नोंद केली. तृप्तीनेही केली असावी, कारण ती कोटाकडे पाहत होती.

"माझा कागद तुमच्याकडं आला न्हाई ना?" सूरज म्हणाला. "आला असता तर तुम्ही पण वाचला असता. हे बराबर न्हाई."

"पोहता येतं?"

"गोदावरीत शिकलोय."

"घाबरता?"

त्याने वर पाहिले. सर्वांत उंच घसरगुंडीचा मनोरा तिथूनही दिसत होता. "हो," तो म्हणाला. "उंचीला. कागदावर तसं नसावं म्हणून लिहिलंय, पण हाय."

 तृप्तीने आपले तिकीट काढून पहारेकऱ्याला दाखवले आणि ती आत गेली. मग आम्हीही गेलो, आणि पाच तिकिटे नवी काढून तेही आले. आत आलेल्याने नायलॉनचे कपडे भाड्याने घेतलेच पाहिजेत असा नियम आहे. त्यामुळे दुपारी एकच्या सुमारास तातेराव आणि दादा गुडघ्यापर्यंतच्या जांभळ्या चड्ड्यांत कमरेइतक्या पाण्यात समोरासमोर उभे होते आणि मोसंबीच्या भावाबद्दल बोलत होते. वंदनाची पैठणी पिशवीतच राहिली. वहिनी काठावर बसून नारळाचा बिल्ला मुठीत धरून होत्या. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला की नाही, यावर दोन्ही बाजूंत एकमत नाही. त्यांच्या बाजूचे म्हणणे, मुलगी दिवसभर दिसत होती.

मी तृप्तीला तीन वेळा गाठले. शिवकन्याबाईंचे दुकान, गजाननांचा रकाना, जागेअभावी गाळलेले शब्द, सगळे सांगितले. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या रांगेत जाऊन उभी राहायची. जे ऐकत होती ते फार सोयीस्कर आहे असे तिला वाटत असणार. मी संपादक म्हणून अशी बातमी उचलली नसती.

तीन वाजता ती माझ्यापुढे आली. डोक्यावर वाढदिवसाची कागदी टोपी होती, ओली होऊन एका कानावर उतरलेली.

"मोठ्या घसरगुंडीला दोघं लागतात. चला."

मला चार पायऱ्यांचे स्टूल चढतानाही वंदना धरते. माझ्या पत्रकावर अपेक्षा होती: सावलीतला बाक. तृप्तीला हे ठाऊक होते. मी चढलो. एकशे अठरा पायऱ्या, मोजल्या. वरून सगळे इवलेसे दिसत होते, आणि सगळे आमच्याकडेच पाहत होते. दादा हात हलवत होते. सूरज कोट हातावर घेऊन एका झाडाखाली उभा होता. त्याला कोणी नायलॉनचे कपडे घ्यायला लावू शकले नव्हते.

ट्यूबमध्ये तृप्ती पुढे बसली, मी मागे. पुढे बंद, काळोखी नळी होती आणि तिच्यात पाणी घोंघावत होते. सेवकाने आमचे पट्टे तपासले.

मागे न वळता तृप्ती म्हणाली, "बाबा, शेवटचं विचारते. माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "पण कागदावर मला दिसायला हवं होतं. मी फक्त चुका पाहिल्या."

त्याच क्षणी सेवकाने ढकलले. तीन वाजून पंचवीस मिनिटे. नळीत शिरल्याबरोबर पाणी तोंडावर आले, दोन्ही कान भरले, आणि मी जे काही ओरडत होतो ते मलाही ऐकू आले नाही. दुसऱ्या वळणावर तृप्तीने मान वळवली आणि ती काहीतरी बोलली. एक छोटे वाक्य असावे. तिचे ओठ दिसले, कारण छतातल्या फटीतून तेवढ्यापुरता उजेड आला होता. शब्द ऐकू आले नाहीत.

खाली तलावात पडल्यावर मी विचारले, "काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली आणि टोपी शोधायला गेली.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी झोपली. तातेरावांकडून रात्री दादांना 'विचार करून कळवतो' असा निरोप आला. कोणी कोणाचा विचार करायचा आहे, हे स्पष्ट झालेले नाही. सोमवारी सकाळी सव्वासहाच्या बसने तृप्ती संभाजीनगरला गेली. स्टँडवर तिने माझ्या हातून बॅग घेतली, नेहमीसारखी. पण पोचल्यावर मला फोन केला नाही. संध्याकाळी सात वाजता आईला केला. बोलण्याच्या शेवटी तिने विचारले की बाबांच्या कानातले पाणी निघाले का. वंदनाने निघाले म्हणून सांगितले. उजव्या कानातले निघाले होते, डाव्यातले निघायचे आहे.

मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत तिचा पुढचा फोन आलेला नव्हता.